टोपीखालचा दात



यंदाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात आम्ही तिळगुळाच्या टेबलाखाली ओणवे होऊन काहीतरी शोधत होतो, हे बऱ्याच जणांनी पाहिले. त्यांच्यासाठी खुलासा: आमची कॉन्टॅक्ट लेन्स पडली नव्हती. डावीकडच्या खालच्या दाढेवरचा क्राउन कडक वडीबरोबर निघून आला आणि हातातून निसटून घरंगळत गेला. वडी अप्रतिम होती. करणाऱ्या वहिनींनी मुळीच मनाला लावून घेऊ नये. दोष वडीचा नव्हताच. तो कोणाचा होता, हे सांगण्यासाठी संपादकांकडून यावेळी ही जागा मागून घेतली आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. आमच्या नावामागचे ‘डॉ.’ रसायनशास्त्राचे आहे, दातांचे नाही. दाढ दुखली की आम्हाला फोन करणाऱ्यांनी कृपया खऱ्या डेंटिस्टना करावा. खाली लिहिले आहे ते मत आमचे आहे, कार्यकारिणीचे नाही. पण दात ही वस्तू मुळात रसायन आहे, क्राउन चिकटवणारे सिमेंट हेही रसायन आहे आणि दोघांचा शत्रू असलेले आम्ल तर आमच्या रोजच्या ओळखीचे आहे. तेवढ्या अधिकारावर चार शब्द.

आपल्याकडे याला ‘कॅप’ म्हणतात. ‘दाताला कॅप बसवली’ असे आपण म्हणतो, आणि त्या वाक्यात ‘झाले एकदाचे’ असा सुटकेचा सूर असतो. रूट कॅनालच्या तीन फेऱ्या झाल्या, वर टोपी बसली, पैसे दिले, विषय संपला. आमचेही तसेच झाले. पीएच.डी. संपवून नोकरीवर रुजू होण्याआधी तीन आठवडे पुण्याला गेलो होतो. विद्यार्थी असताना दातांचा इन्शुअरन्स नव्हता, त्यामुळे दाढेचे दुखणे ‘गावी गेल्यावर बघू’ म्हणून दोन वर्षे साठवून ठेवले होते. तिथल्या डॉक्टरांनी काम मनापासून केले. परतीच्या विमानाच्या दोन दिवस आधी क्राउन बसला. ‘सहा महिन्यांनी दाखवा’ असे त्यांनी सांगितले आणि आम्ही मान डोलावली. सहा महिन्यांनी आम्ही अटलांटिकच्या या बाजूला होतो, दाढ दुखत नव्हती, आणि न दुखणारा दात दाखवायला जाणे हे आमच्या कोकणस्थी हिशोबात बसत नव्हते. अशी सात वर्षे गेली.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी इथल्या डेंटिस्टने आत पाहिले आणि सांगितले की क्राउन अगदी धडधाकट आहे. किडली आहे ती दाढ. टोपीच्या कडेखालून, हिरडीच्या रेषेवर, कीड आत शिरली होती आणि ज्या भिंतीवर टोपी बसते ती भिंतच कुरतडली गेली होती. पुढचे वाक्य आम्हाला लागले: ‘अजून एक क्राउन बसेल एवढा दात शिल्लक आहे. त्यानंतरचे सांगता येत नाही.’

मंडळी, या लेखाचा सारा मुद्दा या वाक्यात आहे. क्राउन किती वर्षे टिकतो, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. पण एक दात किती क्राउन झेलू शकतो, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आता आकड्यांकडे वळू. क्राउन साधारण दहा ते पंधरा वर्षे टिकतो असे डेंटिस्ट सांगतात. पाच वर्षांनी पाहिले तर शंभरातले नव्वदाहून अधिक जागेवर असतात, आणि नीट सांभाळलेले वीस-पंचवीस वर्षेही चालतात. ऐकायला हे छान वाटते. पण पासष्टाव्या वर्षी बसवलेला क्राउन आणि तिसाव्या वर्षी बसवलेला क्राउन यांचा हिशोब एक नाही. आम्ही आज पस्तिशीत आहोत. ऐंशीपर्यंत चावून खायचे असेल, तर पंचेचाळीस वर्षे काढायची आहेत. एक क्राउन पंधरा वर्षे टिकला तर तीन लागतील. आमच्यासारखा सात वर्षांत गेला तर सहा-सात लागतील. दर वेळी नवा बसवताना किडलेला भाग खरवडावा लागतो आणि दात आणखी बारीक होतो. पेन्सिल टोकदार करत राहिले की शेवटी बोटात रबरच उरते, तसेच हे. सहा-सात वेळा टोक काढायला दाढ म्हणजे काही नवी कोरी पेन्सिल नव्हे.

खर्चाचेही पाहा. अमेरिकेत एका क्राउनला साधारण हजार ते दोन हजार डॉलर पडतात. बहुतेक डेंटल पॉलिसी क्राउनच्या खर्चाच्या निम्मेच देतात, तेही वर्षाची मर्यादा संपेपर्यंत. ही मर्यादा पुष्कळ पॉलिसींत हजार-दोन हजारांच्याच घरात असते. शिवाय त्याच दातावर पुन्हा क्राउन हवा असेल, तर ठरावीक वर्षे उलटल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. आणि पासष्टीनंतरचा मूळ मेडिकेअर तर नेहमीच्या दंतोपचाराचा खर्च देतच नाही. म्हणजे ज्या वयात तिसरा-चौथा क्राउन लागण्याची वेळ येते, त्याच वयात खिशातून भरायची वेळ येते.

तेव्हा क्राउन बसणे म्हणजे उपचाराचा शेवट नाही. ती राखणीची सुरुवात आहे. आणि जितक्या तरुणपणी बसतो, तितकी राखण कडक हवी. आपण नेमके उलटे करतो.

आता थोडे रसायनशास्त्र. घाबरू नका, परीक्षा नाही.

दाताचे वरचे आवरण, इनॅमल, हे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक असते. तोंडातला पीएच सुमारे ५.५ च्या खाली गेला की हे स्फटिक विरघळू लागतात. पण दाताच्या मुळावर इनॅमल नसते. तिथला भाग जास्त नाजूक. तो पीएच ६.२ ते ६.७ च्या दरम्यानच विरघळायला लागतो. क्राउनची कड बहुधा हिरडीलगत येते, म्हणजे जिथे इनॅमल पातळ होत संपते आणि मूळ सुरू होते, तिथेच. किल्ल्याचा बुरूज दगडी असला तरी दिंडी दरवाजा लाकडी असावा, तशी ही जागा.

टोपी स्वतः किडत नाही. आजकाल बरेच क्राउन झिर्कोनियाचे असतात. हा मोठा गमतीदार पदार्थ आहे. त्यात बारीकशी भेग पडू लागली, की भेगेच्या टोकाजवळचे स्फटिक आपली रचना बदलतात, किंचित फुगतात आणि भेग दाबून धरतात. धातूवर पोर्सेलीन चढवलेले क्राउनही अनेकांच्या तोंडात आहेत. त्यांचे पोर्सेलीन कधी कधी टवका उडून जाते. सोन्याचा क्राउन दिसायला जुन्या वळणाचा, पण मिश्रधातू म्हणून कडेला फार छान बसणारा आणि समोरच्या दाताला न झिजवणारा. स्वस्त धातूत निकेल असू शकते. ज्यांना खोट्या दागिन्यांनी खाज सुटते त्यांनी डॉक्टरांना ते आधी सांगावे. पण यातले काहीही घेतले, तरी टोपी आणि दात यांच्यामध्ये सांधा उरतोच. साधारण १०० मायक्रॉनपर्यंतची फट, म्हणजे एखाद्या जाड केसाएवढी, डेंटिस्ट लोक चालवून घेतात, आणि ती सिमेंटने भरलेली असते. तोंडातला जंतू एखाद्या मायक्रॉनचा. ज्या फटीत आपले नखही अडकत नाही, ती त्याच्यासाठी लक्ष्मी रोडएवढी रुंद.

सिमेंटचेही प्रकार आहेत. झिंक फॉस्फेट शंभराहून अधिक वर्षे वापरात आहे. लंडनच्या सरकारी रसायनशाळेत विल्सन आणि केंट यांनी काढलेले आणि १९७२ साली जाहीर केलेले ग्लास आयोनोमर सिमेंट थोडे थोडे फ्लोराइड सोडत राहते, हा त्याचा मोठा गुण. हे काम दोघा रसायनशास्त्रज्ञांनी केले, हे सांगताना आमची छाती थोडी फुगते. पण कुठलेही सिमेंट रोजच्या आम्लापुढे अमर नाही.

हे आम्ल येते कुठून? जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. अमेरिकन संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हे मोजून दाखवले: साखर तोंडात गेली की काही मिनिटांत दातांवरच्या थरातला पीएच झपकन खाली जातो, आणि लाळेने तो पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास, कधी तासही लागतो. म्हणजे साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचे. जेवणाबरोबर दोन गुलाबजाम खाल्ले तर एक घसरण. पण दुपारी तीन ते रात्री आठ या वेळात साखरेचा चहा घोट घोट पीत बसलात, तर घसरण संपतच नाही. लाळ बिचारी गाडी वर ढकलते आहे आणि आपण प्रत्येक घोटाला ती पुन्हा खाली लोटतो आहोत.

आमच्या सौ.ने आमच्या लॅबमधल्या दिवसाचा हिशोब केला: साखरेचा चहा सहा वेळा, मध्ये दोनदा बिस्किटे. शिवाय फ्लॉस करायचा तो फक्त ‘खऱ्या’ दातांमध्ये. क्राउनला काय कीड लागणार, या समजुतीने ती दाढ आम्ही सात वर्षे वगळत आलो. रसायनशास्त्राची डॉक्टरेट असलेल्या माणसाने करावा असा हा प्रकार नव्हे.

आणि दुखले का नाही? रूट कॅनालमध्ये दाताची नसच काढून टाकलेली असते. तक्रार करणारा माणूस घरातून गेला, मग आत चोर शिरला तरी ओरडणार कोण? झिर्कोनिया किंवा धातूच्या आतले एक्स-रेमध्येही नीट दिसत नाही. कीड दिसते ती कडेला, आणि तीही कोणी पाहिली तर. म्हणून न दुखणारा क्राउनच वेळेवर दाखवायला हवा. मध्ये काही खुणा घरीही कळतात: त्याच जागी अन्न अडकू लागणे, फ्लॉस तिथे फाटणे, त्या एकाच दाताभोवती हिरडीतून रक्त येणे, वाईट चव किंवा वास, किंवा टोपी किंचित हलल्यासारखी वाटणे. यांपैकी एक जरी असेल, तरी ‘डिसेंबरात गावी गेल्यावर बघू’ म्हणू नका.

गावाचा विषय निघालाच आहे, तर थोडे अप्रिय लिहितो. तिथे क्राउन करून घेऊ नका असे आमचे म्हणणे नाही. तिथल्या डॉक्टरांच्या हाताला आम्ही नावे ठेवणार नाही. आमचे काम त्यांनी चोख केले होते. आमची हरकत आहे ती आपल्या घाईला. दात घासून लहान केल्यावर आतली नस शाबूत असेल तर ती काही महिन्यांनीही कुरकुर करू शकते. चावताना एखादा उंचवटा लागत असेल तर तो आठवड्याभराने कळतो. आपण मात्र लग्नाची खरेदी, देवदर्शन, बँकेचे काम आणि शेवटच्या दोन दिवसांत क्राउन, असा बेत आखतो. जायचेच तर पहिल्याच आठवड्यात खुर्चीत बसा, म्हणजे परत दाखवायला वेळ राहील. येताना एक्स-रे, तारीख, कुठला दात, क्राउन कशाचा आणि सिमेंट कुठले, एवढे लिहून आणा. लोणच्याच्या बरणीला आपण चार पिशव्या गुंडाळतो. हा कागद हँडबॅगेत मावेल. आणि आल्यावर इथल्या डेंटिस्टना सहा महिन्यांच्या आत दाखवा, दुखत नसले तरी.

दुसरी चूक इन्शुअरन्ससाठी होते. रूट कॅनाल डिसेंबरात आणि क्राउन जानेवारीत केला तर दोन वर्षांची मर्यादा वापरता येते; त्यात गैर काही नाही. पण काही मंडळी रूट कॅनाल करून क्राउन वर्ष-दीड वर्ष लांबवतात. टोपीविना तशी दाढ चावताना उभी चिरू शकते, आणि मुळापर्यंत चिरली की ती काढण्यावाचून इलाज नसतो. पाचशे डॉलर वाचवायला जाऊन दाढ घालवू नका.

रोजची राखण अवघड नाही. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने, ब्रश हिरडीकडे तिरका धरून, कड घासायची. रोज रात्री फ्लॉस, क्राउनच्या दोन्ही बाजूंनी. ब्रिज असेल तर त्याच्याखालून जाणारा जाड फ्लॉस किंवा बारीक ब्रश डेंटिस्ट दाखवतात. पेस्टमध्ये फ्लोराइड हवेच. ट्यूब उलटी करून वाचा. इथल्या नेहमीच्या पेस्टमध्ये ते दर दशलक्ष भागांत हजार-अकराशे भाग असते. धोका जास्त असेल तर डॉक्टर पाच हजारांची लिहून देतात. गावाहून आणलेल्या पेस्टवर फ्लोराइड लिहिले नसेल तर ते त्यात नाही असे समजा. ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाका, पण खळखळून चुळा भरू नका, नाहीतर फ्लोराइड धुऊन जाते. राखुंडीला आमचा नमस्कार, पण उघड्या मुळावर ती कानशीसारखी चालते. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्री घालायचा गार्ड करून घ्या. बर्फ, सुपारी आणि अक्रोडाचे कवच यांसाठी अडकित्ता आणि हातोडी हीच योग्य अवजारे आहेत.

टोपी निघालीच तर? गिळू नका, फेकू नका. धुऊन डबीत ठेवा आणि त्याच दिवशी डेंटिस्टना फोन करा. दोन-तीन दिवस थांबावे लागले तर औषधाच्या दुकानात तात्पुरते दातांचे सिमेंट मिळते. घरातला झटपट गोंद मात्र कदापि नाही. आमच्या लॅबच्या कपाटात सतरा प्रकारचे गोंद आहेत आणि त्या रविवारी रात्री आम्हाला फार मोह झाला होता, म्हणून मुद्दाम सांगतो. सैल टोपी तोंडात ठेवून झोपूही नका. ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

आई सध्या आमच्याकडे आहे. हकिगत ऐकून ती म्हणाली, “काय रे, सात वर्षांत कॅप पडली? माझ्या आईचा सोन्याचा दात चाळीस वर्षं होता!” आम्ही सोन्याचे गुण सांगू लागलो, तर तिने थांबवले. “सोन्याचं राहू दे. ती चहा दोनदाच घ्यायची, आणि काही खाल्लं की चूळ भरायची.” आम्ही गप्प बसलो. मग लक्षात आले की आईच्या स्वतःच्या दोन क्राउनच्या कडा काळवंडल्या आहेत. रक्तदाबाच्या गोळीने तोंड कोरडे पडते, म्हणून ती दिवसभर लिमलेटच्या गोळ्या चघळते. लाळ कमी आणि साखर सतत. तिच्या प्रवासी विम्यात नेहमीचे दातांचे काम बसत नाही. आता लिमलेटच्या जागी बिनसाखरेच्या गोळ्या आणि पाण्याची बाटली आली आहे, आणि आम्ही खिशातून पैसे भरून तिला दाखवून आणले. आपल्यापैकी अनेकांकडे उन्हाळ्यात आई-वडील येतात. त्यांच्या औषधांच्या यादीबरोबर तोंड कोरडे पडते का, हेही विचारा.

शेवटी मंडळासाठी दोन सूचना. पहिली: आपल्या कार्यक्रमात चहाचे पिंप दुपारपासून रात्रीपर्यंत चालू असते. ते बंद करा असे म्हटले तर पुढच्या निवडणुकीत आमचे डिपॉझिट जप्त होईल, हे आम्ही जाणतो. चहा खाण्याबरोबर भरपूर द्या; इतर वेळी त्याच टेबलावर पाणी आणि बिनसाखरेची बडीशेप ठेवा. चहा कमी करायचा नाही, वेळा कमी करायच्या. दुसरी: आपल्यातल्या डेंटिस्ट सभासदांना दिवाळीच्या कार्यक्रमाआधी अर्धा तास द्या. त्यांनी मराठीत, ज्येष्ठांना समजेल असे, फ्लॉस आणि ब्रिजचा ब्रश हातात धरून दाखवावे. खुर्च्या लावायला आम्ही येऊ.

आमचा नवा क्राउन मार्चमध्ये बसला. तारीख, पदार्थ, सिमेंट, सगळे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले आहे. त्या दाढेला आता तिसरी टोपी मिळेल याची खात्री नाही, म्हणून ही दुसरी पंचवीस वर्षे चालवायची असे ठरवले आहे. पुढच्या संक्रांतीला तिळगूळ जरूर द्या. आम्ही घेऊ, गोड बोलू, आणि मग पाण्याच्या टेबलाकडे जाऊ.

– आपला एक कार्यकर्ता